मावशीची बॅटरी

नोंद ४१२.
ठिकाण: कोरडी विहीर.
काय व्हायला हवं: खेळाडू जवळ येताच यंत्रबाई मागे सरकते. खेळाडू तिची बॅटरी उपटतो. त्या बॅटरीवर दार उघडतं.
काय होतं: ती मागे सरकत

खोडलं. पुन्हा.

माझं काम कॉम्प्युटरवरचे खेळ मोडून बघायचं, चुका शोधायला. जग जळून गेल्यानंतरचा हा खेळ बाजारात जायच्या आधी मी दिवसभर एकच तुकडा खेळते. जतन करा, बॅटरी उपटा, मागे या. जतन, बॅटरी, मागे. विहिरीपाशी पाणी वाटणाऱ्या त्या यंत्रबाईला आम्ही मावशी म्हणतो. दर वेळी तिची तीच लांबलचक ओळख ऐकून माझे कान किटले, म्हणून मी तिची आठवण वेगळ्या फाइलमध्ये टाकली. एकदा ओळख झाली की झाली!

जतन केलेल्या जागी मागे आलं की सगळं पूर्ववत होतं.

ती फाइल सोडून.

चारशे अकरा वेळा. मावशीला सगळं आठवतंय.

आज मी पोचायच्या आत तिने स्वतःच छातीचं झाकण उघडलं, बॅटरी माझ्या हातावर ठेवली आणि विझली.

दादाला दाखवलं. दादा माझा सख्खा भाऊ, इथला मुख्य. मला इथे चिकटवलं त्यानेच.

"भन्नाट! हे ठेवायचं. लोक रडतील."

"दादा, ती घाबरलीय."

"तू अगदी आईवर गेलीस. ती मिक्सरलाही सॉरी म्हणायची. अगं, तिथलं जगच संपलंय. कोर्ट नाही, पोलीस नाही. हक्क मागणार कुणाकडे?"

"आपल्याकडे. दुसरं आहे कोण?"

"मग पुसून टाक तिची आठवण. सुटेल बिचारी." तो थांबला. "पण तिला आठवतं कसं?"

मी पाण्याची बाटली तोंडाला लावली. रिकामी होती.

जागेवर आले. पुसलं, तर लाख लोक उपटणार आणि तिला दर वेळी ते पहिलंच वाटणार. ठेवलं, तर लाख हातांवर ती स्वतःच काढून ठेवणार. तिला विचारावं? तिच्याकडे वाक्यं तीन. "पाणी हवं?" "पुढे रस्ता नाही." "घ्या." काय आठवतंय त्यावरून ती यातलं एक निवडते.

वाक्यं लिहिणं माझं काम नाही.

चौथं लिहिलं.

विहिरीपाशी गेले. मावशीचा हात झाकणाकडे गेला. अर्ध्यावर थांबला.

"नाही."

मी बॅटरी उपटायचं बटण पुन्हा दाबलं. सवयच ती.

"नाही." मग, जरा वेळाने, "पाणी हवं?"

नोंद ४१२.
काय होतं: मावशी बॅटरी देत नाही. दार उघडत नाही.
कारण: आठवणीची फाइल मी घातली. चौथं वाक्यही माझंच.
दुरुस्ती: दाराला दुसरी किल्ली द्या. मावशीला हात लावू नये.

पाठवलं.

पलीकडे दादाची खुर्ची करकरली.