डाव्या कोपऱ्यातलं ठिगळ

बारकीला बारकी म्हणणारं माणूस आता जगात एकच उरलं होतं, आणि ते चष्म्यांच्या दुकानात बसत असे. तिचा थोरला भाऊ, दादा. बारकी स्वतः केव्हाच आजी झाली होती, गुडघे कुरकुरत होते, कापडछपाईच्या कारखान्यातली रंग जुळवण्याची नोकरी सुटून कैक वर्षं लोटली होती. पण फोन उचलला की पलीकडून "काय गं बारकी" असं यायचं आणि ही बसल्या जागी दोन बोटं बुटकी व्हायची.

सुनेनं नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना सासूच्या गळ्यात मारला. "वापरा आई, नाहीतर टाकून देऊ." टाकून देणं हे शब्द ऐकले की बारकीचा जीव वरखाली होई. तिनं तो मागच्या खोलीत मांडला आणि बघता बघता त्याच्यावर जुन्या काळातली शिडाची जहाजं करू लागली. रंगवू लागली असं म्हणणं बरोबर नाही. आधी जहाज बांधायचं, फळीला फळी लावून. डोलकाठ्या उभ्या करायच्या, दोर ताणायचे, शिडं चढवायची. मग खाली समुद्र सोडायचा, त्यावर वारा सोडायचा, आभाळात सूर्य टांगायचा आणि आपण कुठे उभं राहून बघणार ते ठरवून कॉम्प्युटरला म्हणायचं, हं, काढ आता चित्र. मग तो बिचारा पंखा घरघरवत रंगवत बसे. शेवटी असं काही हाती येई की आल्यागेल्यानं विचारावं, हा फोटो कुठे काढलात हो?

तिच्या यजमानांचं आयुष्य औषधांच्या दुकानात गेलं होतं, त्यामुळे कुठलीही गोष्ट मोजूनमापूनच बोलायची त्यांना सवय होती. बायको मागच्या खोलीत असली आणि कुणी भेटायला आलं, की ते शांतपणे सांगत, "थांबा, माहेरी गेलीय, बोलावतो." रोज सकाळी चहाचा कप तिच्या कोपराशी ठेवून विचारत, "आज समुद्र कसा आहे?" तीही तितक्याच गंभीरपणे सांगे, की फेस जरा साबणासारखा झालाय, दुपारपर्यंत बसेल.

माहेर म्हणण्यात थट्टा होती, तसं तथ्यही होतं. बारकीचे वडील जहाजावर शिडं शिवत. शिडाच्या जहाजांचे दिवस भरत आले होते, त्यातलंच एक जुनं मालवाहू जहाज. बारकी अगदी लहान असताना ते त्या जहाजावरून गेले आणि कुठल्याशा परक्या बंदरात तापानं वारले, परत आलेच नाहीत. बारकीजवळ वडिलांचं म्हणून स्वतःचं असं एकच होतं. आईच्या कडेवर बसून, बंदराच्या धक्क्यावरून तिनं ते जहाज बाहेर पडताना पाहिलं होतं. वडिलांचा चेहरा आठवत नव्हता, आवाजही नाही. आठवत होतं ते मोठं शीड आणि त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं काळपट, चौकोनी ठिगळ.

आणि दादा म्हणे, ठिगळ नव्हतंच.

हे भांडण त्यांच्या केसांइतकंच जुनं होतं आणि केसांसारखंच पांढरं झालं होतं. दादा त्या दिवशी धक्क्यावर नव्हता. जहाज ओढून नेणाऱ्या टगबोटीवर मामा कामाला होता, त्यानं दादाला सोबत नेलं होतं. बंदराच्या तोंडाशी जाऊन टगनं दोर सोडला, शिडं उघडली, ती दादानं जवळून पाहिली. पांढरी स्वच्छ. लग्नकार्यात, आजारपणात, आईच्या शेवटच्या दिवसांतही हा विषय कुणीतरी काढायचंच. दादा म्हणायचा, तू कडेवर होतीस, नाक गळत होतं, काय पाहिलंस तेवढ्यात? बारकी म्हणायची, नाकानं नव्हते बघत.

आता बारकीनं तेच जहाज करायला घेतलं होतं. त्याचा एकुलता एक फोटो होता, नांगर टाकलेला, शिडं गुंडाळलेली. बाकी तिनं तशाच दुसऱ्या जहाजांच्या नकाशांवरून जमवलं. दादानं फोनवर जाहीर केलं की हे चित्र तो दुकानात लावणार, अगदी गिऱ्हाईक बसतं त्याच्या समोर. एक अट होती. ठिगळ नको. "चष्म्याच्या दुकानात चुकीचं दिसलेलं चित्र लावू का मी?"

बारकीनं हसून फोन ठेवला आणि शिडावर तपकिरी ठिगळ रंगवलं. ते वाईट दिसलं. शाळकरी पोराच्या चड्डीला लावल्यासारखं. फिकट केलं तर चहा सांडल्यासारखं दिसे, गडद केलं तर भोक पडल्यासारखं. जन्मभर रंग जुळवलेल्या बाईला तो एक रंग सापडेना. पुसायची, पुन्हा लावायची. यजमान म्हणाले, "समुद्र ठीक दिसतोय, नावाडी खवळलाय."

तिनं दादाला सांगितलं की ठिगळ राहणार. तेव्हा तो जे बोलला ते चिडवायला म्हणूनच असेल, पण तिला लागलं.

"बारकी, बाबांच्या हातचं ठिगळ कधी दिसायचं का? दिसलं असतं तर त्यांनी ते उसवून परत शिवलं असतं. तू त्यांना अडाणी शिंपी करतेयस."

खरंच होतं. आई सांगायची, त्यांनी शिवलेला सदरा कुठे फाटला होता ते त्यांनाच शोधावं लागे. मग आयुष्यभर जपलेलं ते ठिगळ कुठून आलं? दुसऱ्या कुठल्या जहाजाचं? की दादा म्हणतो तसं नव्हतंच, वडिलांचं काहीतरी असावं म्हणून तिनं स्वतःच शिवून घेतलेलं? तिनं रंगवलेलं ठिगळ पुसलं. पण राहवेना, म्हणून शिडाच्याच कापडाचा, त्याच रंगाचा एक चौकोन कापला आणि डाव्या कोपऱ्यात मागून पक्का बसवला, बाबांनी बसवला असता तसा. तो दिसत नव्हता. नसू दे, निदान आहे तरी. यजमानांना तिनं सांगितलं, की दादा म्हणतो तसं केलंय. त्यांनी चहा ठेवला आणि त्या दिवशी समुद्राची चौकशी केली नाही.

दादा रविवारी आला. खुर्ची ओढून पडद्यासमोर बसला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली आणला. धक्क्यावरून दिसावं तसं जहाज भर उन्हात झळकत होतं, दिनदर्शिकेवरच्यासारखं. त्यानं डोलकाठ्या मोजल्या, शिडाचा डावा कोपरा मुद्दाम निरखला आणि समाधानानं मान हलवली. मग अर्थातच एक चूक काढली.

"सूर्य कुठे टांगलायस? आम्ही निघालो तेव्हा संध्याकाळ होती. समुद्राच्या बाजूला होता, खाली उतरलेला. माझ्या पाठीला ऊन लागत होतं."

बारकी म्हणाली, "तसं केलं तर शिडं पांढरी दिसायची नाहीत."

"दिसतील. मी पाहिलीत ना."

तिनं सूर्य धरला आणि क्षितिजापाशी, जहाजाच्या पलीकडे नेऊन ठेवला. पंखा घरघरू लागला. चित्र वरून खाली, पट्टी पट्टी करून उतरू लागलं. आधी आभाळ, मग डोलकाठ्यांची टोकं, मग वरची शिडं. ती पांढरी नव्हती. ऊन मागून कापडात शिरून अलीकडे आलं होतं आणि सगळी शिडं दिवा लावलेल्या कंदिलासारखी आतून पिवळी झाली होती. दादा यजमानांना चष्म्याच्या काचांचे भाव सांगत होता. मोठं शीड अर्धं उतरलं, मग खालचा भाग आला, आणि डाव्या कोपऱ्यात एक काळपट चौकोन उमटला.

बारकीनं पडद्याला बोट लावलं, तशीच राहिली.

"हे तू रंगवलंस," दादा म्हणाला.

"नाही. रंग तोच आहे. कापड दुहेरी आहे तिथे, ऊन आरपार येत नाही."

"मग मला कसं दिसलं नाही?"

तिनं बघायची जागा बदलली. जहाजाला वळसा घालून पुढे समुद्रात गेली, पाण्यापासून जरा वर, टगवर एखादा मुलगा उभा असेल तितक्या उंचीवर. सूर्य आता पाठीशी होता. पुन्हा पंखा, पुन्हा पट्ट्या. मोठं शीड उतरलं ते पांढरं स्वच्छ, कुठे टाकासुद्धा दिसत नव्हता.

दादानं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिला. काचा स्वच्छच होत्या, दुकानदाराचा चष्मा तो.

"बाबांनी चांगलं शिवलं होतं म्हणजे," तो म्हणाला.

"मी कधी वाईट म्हटलं?"

"तुझ्या जागेवरून परत दाखव. धक्क्यावरून." आणि ती माऊस फिरवत असताना, जरा सावरून, "दुकानात तेच लावू."

"गिऱ्हाईकं म्हणतील ठिगळ दिसतंय."

"म्हणू देत. दिसलं नाही म्हणतील त्यांचा नंबर तपासून देईन."

यजमान चहा घेऊन आले. कप ठेवायला वाकले आणि सवयीनं विचारलं, की आज समुद्र कसा आहे. बारकीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण दादाच आधी बोलला, पडद्यावरची नजर न काढता.

"जावईबापू, जरा बाजूला व्हा. ठिगळ झाकलं जातंय."