झांजेखालची चिकटपट्टी

टायरच्या दुकानावर एक हॉल आहे. रविवारी दुकान बंद असतं, म्हणून दुपारी चारला तिथे रॉक बँड वाजतात. साठ माणसं आली की एकमेकांच्या पायावर पाय पडतात. जिना इतका अरुंद, की ड्रम वर न्यायचे असतील तर वरच्यांना आधी खाली उतरू द्यावं लागतं.

हॉलमधला आवाज माझा धाकटा भाऊ सांभाळतो. सगळ्यात मागे भिंतीपाशी त्याचा मिक्सर. कुठलं वाद्य किती वर, कुठलं किती खाली, हे तो बसल्या जागेवरून ठरवतो. पोरं त्याला बटणकाका म्हणतात. बायको गेल्यापासून त्याचे सहा दिवस रविवारची वाट बघण्यात जातात. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून मीही जाते.

"ताई, झेपेल का तुला हा गोंगाट?" पहिल्या दिवशी त्याने विचारलं होतं.

"पस्तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलाय. तुझी पोरं निदान एका वेळी एकच गाणं म्हणतात."

गेली दोन वर्षं मात्र मला एक गोष्ट खुपत होती. कमी ऐकू येणारं मूल वर्गात असलं की मला आठवड्याभरात कळायचं. असं मूल बाईंच्या डोळ्यांकडे बघत नाही, ओठांकडे बघतं. भाऊ माझ्या ओठांकडे बघायला लागला होता. हॉलमधला आवाजही हळूहळू टोकदार होत चालला होता. पुढच्या रांगेतली पोरं कानात कापूस घालून यायची.

मग एका रविवारी लंबू दिसला. हा इथल्याच एका बँडमध्ये गिटार वाजवतो, आणि लहानपणी माझ्याच वर्गात होता. ड्रमच्या झांजा उलट्या करून तो खालच्या बाजूने चिकटपट्टी लावत होता.

"हे काय रे?"

त्याने आधी मागे बघितलं. भाऊ वायरी सोडवत होता. "बाई, काकांना वरच्या सुरातले आवाज ऐकू येत नाहीत. ते बटण वाढवत जातात. म्हणून आम्ही झांज मुकी करतो, गिटारचाही वरचा आवाज उतरवून ठेवतो. बाहेरून कुणी बँड आला की त्यांनाही आधी सांगतो."

"आणि त्याला?"

"त्यांना कोण सांगणार? तुम्ही सांगता?"

मी सांगितलं नाही. दुसऱ्यांच्या मुलांबद्दल त्यांच्या आईवडिलांना मी समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. काही आया रडल्या, काही भांडल्या, पण मी मागे हटले नव्हते. भावापुढे मात्र माझी जीभ उचलेना. सांगितलं तर तो खुर्ची सोडणार, आणि मग त्याचा सातवा दिवसही बाकीच्या सहांसारखा होणार. त्यामुळे सगळं तसंच चालू राहिलं. पोरं आवाज उतरवायची, त्याला तो आणखी कमी यायचा, तो बटण आणखी चढवायचा.

परवाच्या रविवारी तीन मुलींचा बँड दुसऱ्या गावाहून आला. बस वाटेत बंद पडलेली, त्यामुळे त्या पोचल्या तेव्हा हॉल भरला होता. आधी थोडं वाजवून आवाज जुळवून घ्यायलाही वेळ नव्हता. लंबू तापाने घरी झोपलेला. ड्रमवाली माझ्या डोळ्यांदेखत स्टँडवर झांजा चढवत होती, आणि त्यांच्याखाली काहीच नव्हतं.

मी उठून तिच्यापर्यंत गेले.

"काय आजी, फर्माईश आहे का?" तिने हसून विचारलं.

भाऊ तिथेच दोन हातांच्या अंतरावर माइक बसवत होता. "छान वाजवा," एवढंच म्हणून मी परत आले.

पहिला ठोका पडला आणि माझ्या कानात सुया गेल्या. पाठोपाठ माइकने शिट्टी धरली. लोक डोकी धरून वाकले. एक बाई मुलाला घेऊन जिन्याकडे पळाली. भाऊ मात्र मान डोलवत होता. त्याने बोटाने ताल धरला होता. लोक का वाकलेत ते त्याला कळेना, म्हणून तो जरा उठून स्टेजकडे बघायला लागला.

गाणारी मुलगी थांबली. "काका, वरचं कमी करा ना. कान फुटतायत."

भावाने तिच्या ओठांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्याने एकेक बटण शून्यावर आणलं आणि तो खुर्चीतून बाजूला झाला. कुणीतरी दुसऱ्याने मिक्सर हातात घेतला आणि कार्यक्रम कसाबसा पार पडला.

लोक गेल्यावर तो माझ्याजवळ आला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"पोरांना?"

"सगळ्यांना." झांजेखालची पट्टी, गिटारचं बटण, सगळं मी त्याला सांगितलं.

"दोन वर्षं," शेवटी तो म्हणाला. "म्हणजे मी एकही बँड खरा ऐकला नाही. आणि मी लोकांना सांगत सुटलो होतो, आजकाल पोरं फार समजून वाजवतात."

"चुकलं माझं."

"तू शाळेत पोरांचे कान कसे तपासायचीस?"

"मुलाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं. मागून आवाज करायचा. ऐकू आला की त्याने हात वर करायचा."

तो स्टेजकडे वळला. ड्रमवाली सामान बांधत होती. "पोरी, ती झांज जरा राहू दे," म्हणून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. साठीचा माणूस, दोन्ही हात बाजूला सरळ सोडून, पहिलीतल्या मुलासारखा.

मी मुलीला खूण केली. तिने काठीच्या टोकाने झांज हलकेच वाजवली. हात वर आला नाही. तिने जरा जोरात वाजवली. मग आणखी जोरात. आवाज रिकाम्या हॉलभर फिरून विरला. मुलीने काठी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई," तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "सुरू करायला सांग ना तिला."