खांबातली देवी आणि लांब मिशांचा भुंगेरा

पांढरकवड्याजवळच्या तांड्यात सेवादासच्या घरापुढे माणसांची रीघ लागली होती. एकसष्ट सालचा उन्हाळा. गेल्या वर्षी झाडाची साल न सोलताच रोवलेल्या त्याच्या लाकडी खांबातून 'कर्र कर्र' आवाज येई आणि बुडाशी पिवळसर भुकटी पडे. लोक ती अंगारा म्हणून पुड्यांत बांधून नेत.

खांबाशी देवीलाल भगत. "माते, थांब!" म्हणत तो काठी खांबावर आपटी, आणि आवाज खरोखर थांबे. इतकी आज्ञाधारक देवी तांड्यानं पाहिली नव्हती.

आज मात्र भगताच्या तोंडून देवीनं हुकूम सोडला. "या घरात पापी पाय पडला! सून माहेरी धाडा, नाही तं घर बसते!"

सून म्हणजे सेवादासची बायको, बसंतीबाई. तीन वर्षांत मूल नाही, एवढाच तिचा गुन्हा. गाठोडं बांधून झालं होतं. सेवादास मान खाली घालून बसला होता.

तेवढ्यात शाळेच्या विमलताई आल्या, काखेत लाकडी पेटी. बाईंना किडे जमवायचा नाद. पेटीत टाचणीला टोचलेले साठ-सत्तर किडे, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. फक्त दोन भुंगेऱ्यांखाली लिहिलेलं: 'ओळख नाही'.

त्यांनी खांबाला कान लावला. "बसंती, मुसळ आण. हाण."

"बाई, मले तं पापीण म्हनते तो."

"म्हणूनच तू हाण."

धाड! आवाज बंद.

"देवी इचंबी आयकते!" कोणीतरी फिस्कन हसलं.

"देवी नाही, किडा. हादरा बसला की गप्प होतो," बाई म्हणाल्या. "खांब फोडून पाहा."

"हात लावसान तं भस्म होसान!" भगत ओरडला.

सेवादास उठला. "खांब माहा हाय," म्हणत त्यानं कुऱ्हाड घातली.

लाकूड चिरफाळलं. आत बोटाएवढी पांढरी अळी, आणि शेजारच्या पोकळीत भुंगेरा, मिशा अंगाच्या दीडपट. बाईंनी उचलताच तो कुईकुई करू लागला. त्यांनी तो पेटीतल्या दोघांशेजारी धरला. पाठीवर तेच पिवळे पट्टे, मानेशी तोच काटा.

"लाकूड पोखरणाऱ्यांच्या कुळातले निघाले की हे! नेमकं नाव नागपूरच्या कॉलेजला विचारते."

"मंग अंगारा?" शेजारच्या तुळसाबाईंनी घाबरून विचारलं. त्या नातवाला रोज चिमूटभर चाटवत.

"भुसा, अन् अळीची विष्ठा."

तुळसाबाई भगताकडे वळल्या. "मले उमरखेडची गाडी गाठाची हाय," म्हणत तो काठी टाकून निघाला.

"गाठोडं तुमीच बांधलं, तुमीच सोडा," बसंतीबाई नवऱ्याला म्हणाली. त्यानं सगळ्यांदेखत सोडलं.

मंडळी, खांब वाजला तर आधी खांब तपासा. सून घराबाहेर काढणं सोपं असतं, म्हणून तेच आधी सुचतं.