मामांच्या होडीचा पाट

नवी होडी चांगली की जुनी, असं लोक मला अजूनही विचारतात. मी मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी, त्यात शर्यत जिंकलेला, म्हणजे मला माहीत असणारच. मी ‘दोन्ही आपापल्या जागी बऱ्या’ असं काहीतरी गुळमुळीत बोलतो आणि विषय बदलतो. खरं उत्तर मला ठाऊक नाही. ते कुणालाच कळू नये, याची व्यवस्था मीच केलेली आहे.

आमचं गाव नेकनूरच्या पलीकडे, तलावाच्या काठावर. त्या साली दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेलं. आम्ही भोई मंडळी तेवढी उरल्यासुरल्या पाण्याला चिकटून होतो. त्यातच सोसायटीला सहा फायबरच्या होड्या मंजूर झाल्या. अट एकच, जुन्या लाकडी होड्या मोडायच्या. जुने सभासद अडून बसले. चेअरमन सुंदरराव पडले बागायतदार, उभ्या जन्मात जाळ्याला हात न लावलेले. ते म्हणाले, “भांडता कावून? शर्यत लावा. एक नवी, एक जुनी. जिंकंल तिचा ठराव.”

जुनी म्हणजे आश्रुबामामांची, यावर दुमत नव्हतं. नवी मी चालवायची ठरली. आश्रुबा माझे सख्खे मामा. शीड कसं धरायचं, वारा कोणत्या कानाला लागला की कुठं वळायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. आणि बावीस वर्षांत मी त्यांना एकदाही मागे टाकलं नव्हतं. गावात कुणी ‘मामाचा चेला’ म्हटलं तरी माझं डोकं फिरायचं.

तुलना करायची तर मामांची होडी सागवानी, जड, रुंद बुडाची. शीड म्हणजे मामींची दोन जुनी लुगडी जोडून शिवलेली. वळायला म्हशीसारखी वेळ घ्यायची, पण एकदा वाऱ्याला लागली की रेघ मारल्यागत जायची. नवी पांढरीशुभ्र, हलकी, नायलॉनचं शीड, दोर ओढायला कप्पी. चटकन वळायची, मात्र जोराचा झोत आला की बाजूला घसरायची. सरळ पल्ल्यात जुनी, वळणात नवी. कोण जिंकलं असतं, देव जाणे.

आता लाकडी होडीचं एक पथ्य असतं. उन्हाळ्यात काम नसलं की तिच्यात दगड भरून तिला पाण्यात बुडवून ठेवतात. ओलं लाकूड फुगतं, फळ्या एकमेकींना धरून राहतात. उन्हात पडली की फळ्या आकसतात आणि सांध्यांना फटी पडतात. आमच्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

शर्यतीच्या दहा दिवस आधी मामा सत्यभामामामींना घेऊन अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेले. होडी अशीच काठाशी बुडवून ठेवलेली. जाताना सांगून गेले, “मुंजाजी, पानी मागं सरकलं तर होडी तेवढी आत ढकल.”

पाणी सरकलं. मी होडी आत ढकलली नाही. रंग द्यायचाय असं सांगून चार माणसं लावून दगड काढले, होडी बांधावर आणली, उन्हात पालथी घातली. आठ दिवस तापू दिली. मग तिला निळा रंग दिला, दोन हात. बारीक फटी त्यात दिसेनाशा झाल्या. शेजारच्या छबुबाई येताजाता म्हणायच्या, “भाचा असावा तर असा!” मी मान खाली घालून ब्रश फिरवत राहायचो. लोकांना तो विनय वाटला.

मामा शर्यतीच्या दिवशीच सकाळच्या एस.टी.ने उतरले. होडी भिजवायला वेळच नव्हता. त्यांनी निळ्या रंगावरून तळहात फिरवला, एका सांध्यापाशी बोट थांबवलं. म्हणाले, “लई चकचकीत केलीस.” मी म्हणालो, “मत्स्यखात्याचे साहेब येनार हायेत ना बीडहून, म्हनून.”

बांधापासून पाण्यातल्या वाळक्या बाभळीपर्यंत आणि परत, एवढीच शर्यत. जाताना अर्ध्या वाटेपर्यंत मामा दोन होड्यांच्या लांबीइतके पुढे होते, तेही आठ दिवस तापलेल्या लाकडावर. मग त्यांची होडी जड होऊ लागली. बाभळीपाशी मी त्यांना गाठलं, तेव्हा घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून ते एका हाताने डब्याने पाणी उपसत होते, दुसऱ्या हातात शिडाचा दोर. “मुंजाजी, थांब जरा, पानी शिरतंय,” असं ते स्पष्ट म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि कप्पी ओढली.

बांधावर टाळ्या पडल्या. सुंदररावांनी मला हार घातला. बुडत आलेली होडी लोकांनी मामांसकट ओढून काठाला आणली, तेव्हा हार काढून कुठं टाकावा हे मला सुचेना. साहेबांनी विचारलं, “काय झालं?” सगळे जुने सभासद मामांकडे बघत होते. मामांनी एक शब्द उच्चारला असता तर ठराव बारगळला असता आणि मी गावातून उठलो असतो.

मामा म्हणाले, “चूक माझी हाय. होडी कोरडी पडू द्यायची नसती. मी ध्यान दिलं न्हाई. पोरानं तर बिचाऱ्यानं रंग दिलाय.”

ठराव एकमताने मंजूर झाला. एक नंबरची होडी मला मिळाली. मामांनी आपली स्वतः मोडली, कुणाला हात लावू दिला नाही.

महिन्याभराने ते घरी आले, हातात जेवायला बसायचा पाट. होडीच्या दोन फळ्या जोडून केलेला, निळा रंग तासून काढलेला. मधोमध करंगळीचं नख शिरेल एवढी फट होती. “आमच्याकडून भाच्याला मान,” म्हणाले. माझी बायको हरखली. तिने पाट घासून धुतला आणि पाणी निथळत होतं तसाच ओल्या मोरीत रात्रभर उभा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मामांना जेवायला बोलावलं होतं. तिने तो पाट मला मांडला. मामा समोर दुसऱ्या पाटावर बसले, भाकरी मोडली आणि माझ्या पाटाकडे बघून म्हणाले,

“मिटली न्हवं फट? मिटतीच. एक रात पानी लागतं, बस. तुला तर ठावंच हाय.”

मग त्यांनी माझ्या बायकोकडे कालवण मागितलं.