साहेबरावमामांनी पेटवलेला बंब

मी एक जुना तांब्याचा बंब आहे. बंब म्हणजे काय, हे तुमची आजी चटकन सांगेल. तुम्हाला मात्र मलाच सांगावं लागणार. अंघोळीचं पाणी तापवायचं हे एक उंच, गोल भांडं. माझ्या पोटात पाणी असतं, पाण्याच्या मधोमध एक उभी नळी, नळीच्या तळाशी जाळी आणि जाळीवर विस्तव. धूर वरून जातो, गरम पाणी खालच्या तोटीतून येतं. आग आणि पाणी एकाच पोटात घेऊन जगायचं म्हटल्यावर काळजी करायची सवय लागतेच. मला ती फार आहे. कुणी लहान मूल जवळ आलं की मला वाटतं, आता हात लावेल. कुणी पेटवून निघून गेलं की वाटतं, आता पाणी संपेल आणि मी कोरडा तापेन.

मित्रांनो, माझा जन्म पुण्याच्या एका तांबटाच्या हातून झाला. त्याने मला इतकं ठोकलं, इतकं ठोकलं, की त्याचे ठोके अजून माझ्या अंगावर मोजता येतील. त्या वेळी फार राग आला होता. पण त्या ठोक्यांनीच मला घट्टपणा आला, हे पुढे समजलं. मला विकत घेतलं ते शिरूरच्या सोजरबाईंच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, आणि एसटीच्या टपावर बांधून घरी नेलं. रस्ताभर माझी तोटी वाऱ्याने शीळ घालत होती, आणि दोर सुटतो की काय या विचाराने माझा जीव तोटीत गोळा झाला होता.

शिरूरच्या त्या घरात मी पुष्कळ वर्षं राबलो. उजाडायच्या आत सोजरबाई माझ्या नळीत दाणे काढलेली मक्याची बुरकुंडं टाकायच्या, उसाची वाळलेली चिपाडं टाकायच्या आणि एका काडीत मला पेटवायच्या. त्यांचा मुलगा महेंद्र माझ्याच पाण्याने न्हाऊन मोठा झाला. वस्तीत कुणी बाळंतीण असली की तिची माणसं कळशी घेऊन यायची. "सोजराक्का, तुमच्या बंबाचं पाणी द्या, त्याची ऊब वेगळीच असती," असं म्हणायची. सणासुदीला मला चिंच आणि राख लावून घासत. मग मी असा झळकायचो, की महेंद्र माझ्यात तोंड पाहून भांग पाडायचा.

मग घरात विजेचा हीटर आला. बादलीत सोडला, बटण दाबलं, झालं. मला जिन्याखाली सरकवण्यात आलं. पहिल्यांदा वाटलं, थोडे दिवस असेल. पण माझ्या नळीत कुणीतरी झाडू उभा करून ठेवला, माझ्या झाकणावर कांद्याची टोपली आली, आणि मला कळून चुकलं. अंगावर हिरवा गंज चढला. तोटी कडक होऊन बसली. वापर नसला की तांबंही आखडतं, मित्रांनो.

आता ज्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे, तो सन दोन हजार पाचच्या आसपासचा. महेंद्रचं लग्न झालं होतं. सुरेखा नावाची शिकलेली, शांत मुलगी सून म्हणून आली होती आणि तिला मुलगी झाली होती. बाळ सव्वा महिन्याचं झालं, तेव्हा नामकरण ठरलं. सकाळी दहाला बौद्धाचार्य येणार, वंदना होणार, आत्या बाळाचं नाव सांगणार. घरात पांढऱ्या चादरी, मेणबत्त्या, खिरीचं मोठं पातेलं.

आदल्या संध्याकाळी सोजरबाईंचे धाकटे भाऊ साहेबरावमामा दौंडहून आले. चौफुल्याला गाडी बदलून, हातात पिशवी, अंगात नवा पांढरा सदरा. मामा रेल्वेत होते. वाफेची इंजिनं होती तोवर त्यांनी इंजिनात कोळसा मारला, आणि इंजिनं बंद झाल्यावर उरलेली नोकरी इंजिनांच्या आठवणीत केली. माणूस लाख मोलाचा, पण हात धांदरट. त्यांनी धरलेला पेला पडायचा. त्यांनी लावलेलं दार बिजागरीतून निखळायचं. आल्या आल्या त्यांनी चहाच्या कपाची दांडी तोडली होती.

मामांना मूलबाळ नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं, की बाळ एकदा आपल्या मांडीवर द्यावं. संध्याकाळी त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तेव्हा सुरेखा हळूच म्हणाली, "मामा, आत्ताच झोपलीय ती."

बाळ टक्क डोळे उघडून पंख्याकडे बघत होतं. मामांनी ते पाहिलं. मीही जिन्याखालून पाहिलं. मामा म्हणाले, "व्हय, व्हय. झोपू दे," आणि हात खिशात घातले.

सुरेखाचं तरी काय चुकलं? आईचा जीव तो. मीही त्या कपाची दांडी तुटताना ऐकली होती.

सकाळी वीज गेली. तेव्हा भारनियमन असायचं, पण त्याची वेळ ठरलेली आणि उशिराची होती. त्या दिवशी वीज लवकर गेली. हीटर थंड पडला. गॅसवर खीर शिजत होती, ती उतरवता येत नव्हती. नळाला पाणी एक दिवसाआड, म्हणजे आता उद्याच. महेंद्र खुर्च्या आणायला गेला होता. आणि बाळाची अंघोळ व्हायची होती.

"अगं, बंब हाय की!" सोजरबाई खिरीत डाव फिरवत म्हणाल्या.

झाडू निघाला, कांदे निघाले आणि मला मागच्या न्हाणीत आणलं. माझं मन कसं भरून आलं म्हणून सांगू! पण पेटवायला मामा पुढे झाले आणि माझा आनंद जागच्या जागी गार झाला.

"मी तापवतो पाणी," मामा म्हणाले.

"तू?" सोजरबाई म्हणाल्या. "माझ्या लग्नात पाण्याचा रांजण कुणी फोडला?"

"आक्के, त्याला लई वर्षं झाली."

"रांजण काय जुळून आला न्हाई आजून."

"अगं, मेल गाडी वढलीय मी सोलापुरापतुर! हा बंब म्हंजी इंजिनाचं लेकरूच. मधी आग, भवती पाणी. मला शिकवती व्हय?"

सुरेखा दारात उभी होती, बाळ खांद्यावर. तिच्या चेहऱ्यावर ‘नाही’ असं लिहिलेलं होतं. पण मामा तिच्याकडे असे बघत होते, की तिला ते म्हणवेना. "मामा," ती म्हणाली, "उकळायचं नाही हं. फक्त कोमट. बाळाला सर्दी आहे."

"कोमट म्हंजी कोमट!"

आधी त्यांनी माझ्या पोटात अर्ध्यापर्यंत पाणी भरलं. ते व्यवस्थित भरलं, खोटं कशाला बोलू. मग बुरकुंडं टाकली आणि काडी लावली. बुरकुंडं दमट होती. धूर झाला. मामांनी सूप घेऊन वारा घातला, तर वर्षानुवर्षांची राख माझ्या नळीतून उडाली आणि मामांच्या नव्या सदऱ्यावर बसली. त्यांनी ती झटकली. झटकलेल्या राखेचे पट्टे झाले.

"मामा, जमतंय ना?" आतून सुरेखा.

"एकदम! सिग्नल पडायचाय फक्त."

मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आपली पिशवी आणली. तिच्यातून कागदात बांधलेले दगडी कोळशाचे तुकडे निघाले. शेवटचं इंजिन शेडमध्ये उभं राहिलं, त्या दिवशी त्यांनी ते आठवण म्हणून ठेवले होते. बाळाच्या नामकरणाला सगळ्यांना दाखवायला आणले असावेत. मामांनी एक तुकडा हातात घेऊन जरा वेळ पाहिला. मग म्हणाले, "जा बाबा, नातीच्या कामाला ये," आणि सगळेच्या सगळे माझ्या नळीत टाकले.

मित्रांनो, मी घरगुती बंब! बुरकुंडं आणि चिपाडं यांच्यापलीकडे माझ्या पोटाला काही माहीत नव्हतं. तो कोळसा पेटला आणि मला वाटलं, आपण आता रुळांवरून निघालो. नळी घुमायला लागली. झाकण टाळ्या वाजवायला लागलं. मामांचा चेहरा मात्र असा उजळला होता, की त्यांना थांबवावंसं मलासुद्धा वाटेना.

"बघ, बघ, कसं प्रेशर धरलंय!"

"मामा, प्रेशर नकोय!" सुरेखा धावत दारात आली. "कोमट म्हणाले होते ना मी!"

मामा भानावर आले. पण दगडी कोळसा काही फुंकून विझत नाही. मग त्यांनी इंजिनावर करतात तेच केलं. आग खाली पाडायची. सळई घातली आणि माझी जाळीच ओढली. लाल निखारे धडाधड फरशीवर आले. "मागं सर, पोरी!" मामा ओरडले आणि त्यांनी शेजारचा पाण्याचा हंडाच निखाऱ्यांवर उपडा केला. फस्स करून वाफेचा आणि राखेचा असा ढग उठला, की मामा त्यात दिसेनासे झाले. ढग विरला, तेव्हा पांढरा सदरा घालून आलेला माणूस काळा सदरा घालून उभा होता.

पाणी अजून उकळतंच होतं. ते निवावं म्हणून मामांनी घरातल्या बादल्या एकेक करून माझ्यात ओतल्या. शेवटची बादली रिकामी झाली, तशी सुरेखाने विचारलं, "मामा, आता घरात पाणी कुठंय?"

मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हितं. सगळं हितंच."

पाणी आता माझ्याच पोटात होतं आणि खरं सांगतो, बाळाला हवं तसं झालं होतं. आता फक्त तोटी सोडायची. मी मनात म्हणत होतो, हळू, मामा, हळू, ती आखडली आहे. पण बंबाचं कोण ऐकतं? मामांनी तोटीला रुमाल गुंडाळला, दात-ओठ खाऊन एक हिसका दिला आणि तोटी त्यांच्या हातात आली.

भोकातून पाण्याची धार सुटली. थेट मोरीकडे. बाळाचं सगळं पाणी.

"गेलं!" सुरेखाचा आवाज रडवेला झाला.

त्या क्षणी मामांनी तोटी टाकली, मटकन खाली बसले आणि रुमालासकट आपला अंगठा भोकात घातला. धार थांबली.

 मग डाव हातात घेऊन सोजरबाई आल्या. त्यांनी फरशी पाहिली, सदरा पाहिला, अंगठा पाहिला. "वा रं माझ्या फायरमना!" त्या म्हणाल्या. "आता असाच बसणार का जलमभर?"

"आक्के, बोल मागनं लाव. आदी लेकराला न्हाऊ घाल. मी हाय तवर थेंब जायचा न्हाई."

सोजरबाई पाय पसरून पाटावर बसल्या. बाळाला पायांवर घेतलं. सुरेखाने तांब्या माझ्या भोकाखाली धरला, मामांना थोडं पाणी सोडायला लावलं, ते कोपरावर घेऊन पाहिलं, पुन्हा पाहिलं. "बरोबर आहे," ती पुटपुटली. तिलाच नवल वाटलं.

"सोडा, मामा."

मामांनी अंगठा किंचित सरकवला. बारीक धार आली.

"बस."

धार थांबली. ज्या हातात पेला टिकत नव्हता, तो हात असा जपून हलत होता, जणू अंगठ्याखाली बाळाचाच श्वास आहे. सोडा, बस, सोडा, बस. बाळ मुळीच रडलं नाही. त्याच्या डोक्यावर पाणी पडलं की मामाच डोळे मिटत होते. मांडी घालायला जागा नव्हती, उकिडवं बसून त्यांचे पाय थरथरत होते, अंगठा लालबुंद झाला होता. एकदा सोजरबाईंनी विचारलं, "सायबा, दमलास का रं?" तर म्हणाले, "गाडी चालू असताना बोलू न्हाई."

शेवटचा तांब्या झाला. मामांनी अंगठा काढला आणि तळाचं उरलेलं पाणी जाऊ दिलं. मग ते भिंतीला धरून उठले. सदऱ्याकडे पाहत म्हणाले, "मी मागंच बसतो वंदनेला. पाव्हण्यांत असा बरा दिसत न्हाई."

सुरेखाने बाळाला दुपट्यात गुंडाळलं होतं. ती मामांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, हात धुवा."

"आं?"

"तांब्यात उरलंय पाणी. साबण लावून धुवा. आणि इथं पाटावर बसा, नीट मांडी घालून. पाठ भिंतीला टेकवा. हां. कोपर असं धरा. मान सांभाळायची, मामा, मान."

आणि तिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

तिचे दोन्ही हात पुढे तसेच राहिले होते, न जाणो म्हणून. ते तिने हळूहळू मागे घेतले. मामांनी हालचाल म्हणून केली नाही. पाहुणे आले, मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, आत्याने दीक्षा हे नाव सांगितलं, आणि काळ्या सदऱ्यातले मामा पहिल्या चादरीवर दीक्षाला घेऊन बसले होते. मला हे सगळं न्हाणीच्या उघड्या दारातून दिसत होतं. शेवटी ते कुजबुजले, "सुरेखा, घेती का हिला? माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

"बसा अजून थोडं," सुरेखा म्हणाली. "ती आत्ताच झोपलीय."

या खेपेस बाळ खरंच झोपलं होतं.

माझी तोटी पुढे महेंद्रने डाग देऊन, सांधून बसवून आणली. ती जराशी वाकडी बसली आहे, पण गळत नाही. वीज गेली की मला अजून बाहेर काढतात.

मित्रांनो, मी काही फार शिकलेला नाही. पण इतकी वर्षं घराच्या कोपऱ्यातून माणसं पाहिली, म्हणून एक मागतो. जुनी वस्तू अधूनमधून वापरा, तिची तोटी फिरवत राहा. आणि तुमच्याही घरात कुणी धांदरट मामा, काका, आत्या असेल. त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नका. भीती वाटते, मला माहीत आहे, मलाही वाटते. मग भीती वाटली तर जवळ उभे राहा, हात पुढे ठेवा, पण काम त्यांनाच करू द्या.

फक्त दगडी कोळसा तेवढा आधी लपवून ठेवा.