चौदावी शेळी

मावशीने डब्यातून आणखी एक बटण काढलं आणि ड्रॅगनच्या पुढ्यात ठेवलं.

"ही चौदावी. आता सगळ्या मिळून धडक."

ड्रॅगनचं बळ सात उरलं होतं. भाच्याने सातातून चौदा वजा करून पाहिले. पेन्सिल बदलून पुन्हा पाहिले. ड्रॅगन मेला होता. शेळ्यांनी मारला होता.

हा खेळ जुळवायला त्याला तीन वर्षं लागली होती. एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे, राक्षसांशी लढायचं. कुठलंच पात्र दुसऱ्याला भारी पडू नये म्हणून एकशे बारा लढायांचे तक्ते त्याने भिंतीवर चिकटवले होते. उद्या सकाळी नियम छापायला जायचे होते. शेळीवाला निव्वळ गंमत म्हणून घातलेला: दर पाळीला एक शेळी बोलवायची, फुकट. ड्रॅगन तीन पाळ्यांतून एकदा आग ओकायचा आणि त्यात एकच शेळी जायची. असलं पात्र कोण घेणार?

मावशीने घेतलं. तिने उभा जन्म लिफ्ट तपासण्यात घालवला होता. पाटीवर आठ माणसं लिहिलेली दिसली की तिला आधी नववा आठवायचा.

"जास्तीत जास्त तीन शेळ्या," भाचा नियमात लिहू लागला.

"तीनच का रे?"

"समतोल राहतो."

"कशावरून?"

त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. मावशी चष्मा लावून उठली आणि लिफ्टचा दोर बघावा तशी वरून खाली सगळे तक्ते बघत गेली.

"सूनबाईने एकशे बारा वेळा तलवारवालाच घेतलाय."

"बाकीची पात्रं मी खेळलो. स्वतःशीच."

"जिंकलास?"

"निम्म्या वेळा."

खिडकीशी त्याची बायको फाशांवरचे आकडे रंगवत बसली होती. मावशी तिच्याकडे वळली.

"काय गं, एवढा आवडतो तुला तलवारवाला?"

"छे हो, मावशी." तिने ब्रश पाण्यात बुडवला. "त्याने लवकर संपतं."

मेलेल्या ड्रॅगनकडे तिघांनीही गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं.

"सांगायचंस ना मग," भाचा म्हणाला.

"तू कधी विचारलंस? 'किती वार लागले' एवढंच विचारायचास. ते मी बरोबर सांगायचे."

खरंच, बरोबर सांगायची. तक्त्यांत एकही खाडाखोड नव्हती.

त्याने नुकताच लिहिलेला 'तीन' खोडला. मग शेळीवाल्याचं कार्ड आणि बटणांचा डबा बायकोकडे सरकवला.

"याला किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. या खेळाबद्दल हे उत्तर तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. ब्रश बाजूला ठेवून ती टेबलाशी आली, डब्यात बराच वेळ बोटं फिरवत राहिली आणि कड उडालेलं एक हिरवं बटण काढून तिने ड्रॅगनपासून जरा लांबच ठेवलं.

"हिचं नाव काय?"

नियमांत नावाला जागा नव्हती. भाच्याने पट्टी घेतली आणि छापायला द्यायच्या कागदावर एक छोटा चौकोन आखला.

"अरे, हे उद्या जायचंय ना छापायला?" मावशी म्हणाली.

"थांब गं मावशी," तो म्हणाला. "आधी नाव ठरू दे."