जुन्या गवताची गंजी

माझ्या नवऱ्याचं, विग्फुसचं, खोऱ्यात नाव होतं ते एका गंजीमुळे. आमच्या आइसलँडात वसंत सरेपर्यंत ज्याच्या गोठ्यामागे आदल्या सालचं गवत शिल्लक राहतं, त्याला लोक शेतकरी म्हणतात. बाकीच्यांना नुसतं नावाने हाक मारतात. आमची गंजी दोन वर्षांची होती. वर हिरवळीसकट कापलेल्या मातीचे थर, आत कोरडं खडखडीत गवत. रविवारी प्रार्थनेहून परतताना लोक वाट वाकडी करून ती बघायला येत आणि विग्फुस त्यांना मूठभर गवत उपसून हुंगायला देई.

"लग्न माझ्याशी लावलंस की हिच्याशी?" मी विचारायची.

"ती बडबडत नाही," तो म्हणायचा.

त्याच्या ह्या वेडाला कारण होतं. तो सात वर्षांचा असताना एका मे महिन्यात त्यांचं गवत संपलं आणि बाप पोतं घेऊन दारोदार वैरण मागत फिरला. एका शेजाऱ्याने कवळाभर दिली आणि पुढे वीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक मर्तिकात ती दिल्याचं ऐकवलं. बाप खाली मान घालून ऐकत राही. विग्फुस ते विसरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर अशा माणसाची बायको म्हणून मिरवायला मलाही आवडायचं.

सतराशे त्र्याऐंशीच्या जूनमध्ये दूर दक्षिणेला जमीन फाटली आणि आतून आग वर आली. आम्ही आग पाहिलीच नाही. आमच्याकडे आलं ते धुकं. निळसर, गंधकाच्या वासाचं, घशात बसणारं. भर दुपारी सूर्य तांब्याच्या तव्यासारखा दिसे आणि त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येई. पाऊस पडला की गवताच्या पात्यांना भोकं पडत. जुलैत बर्फ पडलं. कोळ्यांना किनारा दिसेना, होड्या उलट्या पडून राहिल्या. लोक म्हणत, सूर्यालाच आजार झालाय.

विग्फुसने तरी विळा सोडला नाही. करपलेलं, राखाडी, जे उभं होतं ते सगळं त्याने कापलं. दलदलीतलं लव्हाळंसुद्धा खरडून आणलं. दाताळं ओढलं की राखेचा लोट उठे आणि आम्ही दोघं खोकत बसायचो. पण सप्टेंबरअखेर कोठार आढ्यापर्यंत भरलं.

दर शरदात गावचा कारभारी थोर्लेव घरोघर येतो, दोन्ही हात पसरून वावांनी गवत मोजतो आणि किती जनावरं हिवाळ्यासाठी राखायची, किती कापायची ते ठरवतो. त्या वर्षी त्याने मोजलं, मग चिमूटभर गवत बोटांत चोळलं. बोटं काळी झाली.

"विग्फुसा, माप भरपूर आहे. पण माझं ऐकशील तर निम्मी मेंढरं काप. दक्षिणेकडून माणसं येतात, ती सांगतात की असलं गवत खाऊन जनावरांच्या पायांना गाठी येतात."

"दक्षिणेकडच्यांना गवत वाळवता कधी आलंय, कारभारी? ते काय आजचं आहे?"

थोर्लेव हसला, मीही हसले. एकही मेंढरू कापलं नाही.

नाताळाआधी मेंढरं मरायला लागली. आधी लंगडायची, मग गुडघ्यांवर चालायची. बरगड्यांवर अंड्याएवढ्या गाठी. थंडी तर अशी पडली की अख्खी खाडी गोठली. जिथे बाप-आजे होड्या लोटत तिथून लोक चालत पलीकडे जात. नव्या वर्षात आमच्याकडे एकच जनावर उरलं, हुप्पा गाय. घरात सुकी मासळी थोडी, लोणी संपत आलेलं. तीन वर्षांची आमची उन्ना हुप्पाच्या दुधावर होती. तिला दुसरं काही पचतच नव्हतं.

हुप्पाच्या जबड्याला गाठ दिसली त्या दिवशी मी विग्फुसला म्हणाले, "हिला जुन्या गंजीतलं घाल."

"जानेवारी आहे हा."

"मला महिने कळतात."

"मग मे पण कळत असेल. मेमध्ये बाहेर हे एवढं बर्फ असणार. तेव्हा हिला काय घालशील, तुझी जीभ? तेव्हा पोतं घेऊन कोण जाणार, तू?"

त्याचं चुकत नव्हतं. आमच्याकडे जनावरं हिवाळ्यात मरत नाहीत, वसंतात मरतात; हे मी लहानपणापासून बघितलेलं.  हुप्पा राखेचं गवत खात राहिली आणि मी ते तिच्यापुढे टाकत राहिले.

कासांडीभर दूध होतं ते तांब्यावर आलं, मग वाटीवर. उन्नाच्या हिरड्या सुजून निळ्या झाल्या. मी धार काढायला बसले की ती दावणीशी उभी राहून वाटीत डोकावायची.

"आई, हुप्पू आपल्यावर रुसलीय?"

"हो. तू तिला काय बोललीस?"

"काहीच नाही. तूच बोलली असशील."

फेब्रुवारीत एका सकाळी हुप्पाने रवंथ करणं सोडलं. विग्फुस गोठ्यामागे गेला, कुदळीने गोठलेली माती फोडली आणि कवळाभर जुनं गवत घेऊन आला. त्या गवताचा वास गोठ्यात पसरला आणि मला रडू फुटलं. धुक्याच्या आधीच्या उन्हाळ्याचा वास होता तो.

हुप्पाने जीभ काढून घास ओढून घेतला. तोंडात घोळवला. घोळवत राहिली, आणि मग तो ओला घास तसाच तिच्या तोंडातून खाली पडला. दुसरा दिला, तोही पडला. विग्फुसने तिचा जबडा उघडला. काही दाढा हिरडीपर्यंत झिजलेल्या, आणि काही बोटभर वाढून गालात रुतलेल्या. तिला चावताच येत नव्हतं.

तो तिच्यापाशी खाली बसला. मूठभर गवत त्याने स्वतःच्या तोंडात कोंबलं आणि चावू लागला.

"काय करतोयस हे?"

त्याने बारीक चावून हिरवा गोळा तळहातावर काढला, हुप्पाच्या जिभेच्या मुळाशी लोटला आणि तिची मान खालून चोळली. तिने गिळलं.

मीही बसले. आम्ही दोघं नवरा-बायको नऊ दिवस गाईसाठी गवत चावत होतो. जबडे आखडायचे, जीभ सोलवटली. पाचव्या दिवशी चार चमचे दूध जास्त निघालं. उन्ना प्यायली आणि म्हणाली, "रुसवा गेला." विग्फुस हसला, तेव्हा त्याच्या दातांत हिरवं अडकलेलं होतं आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. सातव्या दिवशी गोळ्याबरोबर त्याचा एक दात बाहेर आला. त्याने तो वेचून बाजूला टाकला आणि पुढचा घास तोंडात घातला.

दहाव्या सकाळी हुप्पा उठली नाही. तिच्या मांसाचा रस्सा मी उन्नाला पाजून पाहिला, पोटात ठरेना. ती दूधच मागत होती. हुप्पामागे ती सतरा दिवस जगली.

मेमध्ये बर्फ तसंच होतं, विग्फुस म्हणाला होता तसंच. थोर्लेव आला. सगळ्या खोऱ्यात मिळून एक घोडी आणि दोन गाई उरल्या होत्या. टोपी हातात धरून दारात घुटमळत होता, मागायला जीभ रेटत नव्हती.

"सगळी न्या," विग्फुस म्हणाला.

"सगळी गंजी? अरे, तुला..."

"इथे खायला कोण आहे, कारभारी?"

माणसं आली आणि भारे बांधून घेऊन गेली. त्या गवतावर त्या दोन गाई जगल्या, आणि शेजारची तीन मुलं.

लोक अजून म्हणतात, विग्फुसच्या हट्टापायी त्याची पोर गेली. तो ऐकून घेतो, बापासारखीच मान खाली घालून. माझ्याविरुद्ध कधी अवाक्षर काढलं नाही त्याने. पण त्या गंजीला कुलूप नव्हतं. हुप्पाची ती गाठ दिसल्यापासून फेब्रुवारीपर्यंत मी दिवसातून चारदा गंजीच्या बाजूने पाण्याला जात होते, कुदळ तिथेच भिंतीला टेकलेली असायची, आणि विग्फुस दिवसच्या दिवस खाडीवर बर्फ फोडून मासे शोधत असायचा. हुप्पाच्या दाढा तेव्हा चांगल्या होत्या.